सासूबाईंचे इंच

माणसाने दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊ नये. घ्यायचं तर दोन वर्षांचं घ्यावं, नाही तर मुळीच घेऊ नये. दोन वर्षं शिकलेल्याला आपल्याला काय येत नाही ते कळलेलं असतं आणि मुळीच न शिकलेल्याला कुणी काही विचारत नाही. दोन दिवस शिकलेला माणूस मात्र सासुरवाडीला जातो, पाय पसरून खुर्चीत बसतो आणि म्हणतो, "हात्तिच्या, हे होय? हे तर संगणक चुटकीसरशी करेल."

मी तसा साधा माणूस आहे. पाणीपुरवठा कार्यालयात बिलांच्या खिडकीवर बसतो. खिडकीतून कागद आत येतो, मी त्यावर काहीतरी करतो, कागद बाहेर जातो. बाहेर कोण उभा आहे, किती वेळ उभा आहे, त्याच्या घरी पाणी येतं की नाही, हे मला दिसत नाही. खिडकीची उंचीच अशी आहे की मला फक्त हात दिसतात. इतकी वर्षं मी हातांशी बोलत आलो आहे आणि हातांचं माझ्याबद्दल वाईट मत नाही, असं माझं मत आहे.

तर कार्यालयाने आम्हा सगळ्यांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं ठरवलं. का ठरवलं ते विचारू नका. मीही विचारलं नव्हतं. संगणक विभागातला एक चष्मेवाला आम्हाला शिकवायला आला. पहिला दिवस कळफलक कुठे आहे हे बघण्यात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी, अर्धा वर्ग पेंगत असताना, त्याने एक गोष्ट सांगितली आणि मी एकदम जागा झालो. तो म्हणाला, "समजा, तुमच्याकडे जाडजूड मजकूर आहे. संगणकाला सांगायचं, एखादा आकडा आणि त्याच्या पुढे अमुक शब्द, असं जिथे जिथे दिसेल तिथे पकड. पकडलेला तुकडा एका फंक्शनच्या हातात दे. फंक्शन त्याचं काहीतरी करून परत देईल. जे परत येईल ते त्याच जागी चिकटव. बाकी मजकुराला हात लावू नकोस."

मला हे इतकं आवडलं की काय सांगू! ते फंक्शन म्हणजे दुसरंतिसरं कुणी नसून मीच होतो. त्याच्याही खिडकीतून तुकडा आत येतो, तोही त्यावर काहीतरी करतो आणि तुकडा बाहेर जातो. आयुष्यभर मी जे करत आलो त्याला शास्त्रात नाव आहे, हे ऐकून मी त्या संध्याकाळी घरी जरा ताठ मानेने चालत गेलो. बायकोने विचारलं, मान अवघडली का?

आता सासूबाईंकडे वळतो. दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर आहे आणि घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा शिवणवर्ग. आमच्या लग्नाच्या आधीपासूनचा. त्या वर्गाचा एक कडक नियम होता: वही आणायची नाही. "लिहून घेतलं की हात आळशी होतो," असं सासूबाई म्हणत. त्या स्वतः कात्री घेऊन उभ्या राहायच्या, कापडावर खडूने रेघ मारायच्या, कचाकच कापायच्या आणि मुलींनी ते बघून लगेच आपलं कापड कापायचं. किती पिढ्या अशा शिकल्या. पण गेल्या वर्षापासून सासूबाईंचे हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, यापुढे कात्री नको. ज्या बाईने आयुष्यभर वही आत येऊ दिली नाही, तिच्यावर पुस्तक लिहायची वेळ आली. त्या तोंडाने सांगायच्या आणि माझी बायको लॅपटॉपवर टाइप करायची. झबल्यापासून शर्टापर्यंत सगळं झालं, तेव्हा दोघींनी सुटकेचा निःश्वास टाकला.

तो फार लवकर टाकला. वर्गाची मान्यता त्याच वर्षी संपत होती आणि नव्या नियमाप्रमाणे मान्यतेसाठी पाठ्यपुस्तक लागत होतं. सासूबाई बायकोला घेऊन मान्यता विभागात गेल्या. नमुन्यादाखल पहिला धडा नेला होता. तिथल्या साहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, "इंच चालत नाहीत. सेंटीमीटर करून आणा."

सासूबाईंनी पिशवीतून टेप काढली. "अहो, या बाजूला इंच आहेत, त्या बाजूला सेंटीमीटर. पोरी टेप उलटी करतील."

"बाई, मला टेपला मान्यता द्यायची नाहीये," साहेब म्हणाले. "पुस्तकाला द्यायची आहे. महिनाअखेरपर्यंत आणा, नाही तर पुढच्या सत्रात वर्ग बंद."

सासूबाई घरी येऊन गप्प बसून राहिल्या. त्या गप्प बसल्या की घरातली शिलाई मशीनसुद्धा घाबरल्यासारखी दिसते. "प्रत्येक ओळीत माप आहे," त्या म्हणाल्या. "एवढं सगळं आता कोण बदलणार?" आणि इथे मी, दोन दिवस शिकलेला माणूस, पाय पसरून ते चुटकीचं वाक्य बोललो.

खरं तर मी तेव्हाच घरी जाऊन काम उरकलं असतं तर बरं झालं असतं. पण आमच्या इमारतीत कुणाला एकट्याने चूक करू देत नाहीत. वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब राहतात. आम्ही त्यांना वरचे साहेब म्हणतो. ते रोज सकाळी माझं वर्तमानपत्र माझ्या आधी वाचायला येतात. त्यांनी मला लॅपटॉप उघडून बसलेलं पाहिलं आणि समोरची खुर्ची ओढली. माझं फंक्शन तयार झालं होतं. आकडा आणि त्यापुढे 'इंच' दिसलं की आकडा पकडायचा, दोन दशांश पाच चारने गुणायचा आणि 'सेंटीमीटर' लावून परत द्यायचा. मी चाचणी म्हणून एक पान करून बघितलं. तीन इंचाचे सात दशांश सहा दोन सेंटीमीटर झाले.

"हे काय?" वरचे साहेब म्हणाले. "शिवणाच्या मुली आहेत का शास्त्रज्ञ? सात दशांश सहा दोन कोण मोजणार?"

"मग पूर्णांक करतो. आठ."

"आठ काय, सात काय! पाचाच्या पटीत करा. पाच, दहा, पंधरा. डोळ्यांना बरं दिसतं, लक्षात राहतं. आमच्या बँकेत सगळे तक्ते मी पाचाच्या पटीत करून घेतले होते."

त्या बँकेचं पुढे काय झालं ते मी विचारायला हवं होतं. पण समोरच्या वहिनीही त्याच वेळी विरजण मागायला आल्या होत्या आणि त्यांनाही पाचाची पट पटली. त्यांची सून बाळंत व्हायची होती, त्यामुळे त्यांना पुस्तकातला झबल्याचा धडा हवा होता. "आणि शेवटी एखादी कविता टाका," असंही त्यांनी सुचवलं. कविता मी नाकारली. आपण सगळंच ऐकून घेत नाही हे दाखवायला एखादी सूचना नाकारावी लागते आणि माझ्या हातून नेमकी निरुपद्रवी सूचना नाकारली गेली.

मी कळ दाबली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पुस्तक सेंटीमीटरचं झालं. जिकडे तिकडे पाच, दहा, पंधरा, वीस. वरचे साहेब म्हणाले, "वा!" मी ते सगळं जुन्याच नावाने जतन केलं. दोन दोन प्रती झाल्या की नंतर कुठली खरी असा गोंधळ होतो, आणि गोंधळ मला आवडत नाही.

वहिनींनी धड्याची छापील प्रत नेली आणि मऊसूत कापड आणलं. पुढच्या रविवारी दुपारी त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. हातात झबलं होतं. म्हणजे कापड झबल्याचं होतं. गळा एवढा मोठा होता की बाळ त्यातून सरळ खाली पडलं असतं. दोन्ही खांदे नाडीएवढे. वहिनींनी ते दोन्ही हातांनी जरासं ताणलं आणि बाजूची शिवण टर्रकन शेवटपर्यंत उसवली.

"पुस्तकात लिहिलंय तसंच केलं," त्या म्हणाल्या. "शिवणीसाठी एक पंचमांश सेंटीमीटर सोडा. मी म्हटलं, एवढंसंच? पण मग म्हटलं, तुमच्या सासूबाईंना आपल्यापेक्षा जास्त कळतं."

मी लॅपटॉप उघडला आणि वाचायला लागलो. सासूबाईंनी सांगितलं होतं अर्धा इंच. बायकोने ते एक, तिरपी रेघ, दोन, इंच असं टाइप केलं होतं. माझ्या फंक्शनच्या खिडकीतून त्यातला फक्त दोन आत आला होता, कारण इंचाच्या शेजारी तोच होता. मागची रेघ आणि एक त्याला दिसलेच नव्हते. त्याने दोनाचे पाच करून परत दिले होते. जिथे 'तीन ते चार इंच' होतं तिथे आता 'तीन ते दहा सेंटीमीटर' होतं. हे अपूर्णांकांचं आणि 'इतके ते इतके' अशा मापांचं झालं. ते एखाद्या वेळेस निस्तरता आलं असतं. पण पाचाच्या पटीला उलटा रस्ता नव्हता. एक इंचाचे पाच झाले होते आणि दोन इंचांचेही पाचच. तीन आणि चार, दोघेही दहा. आता समोर दहा आहेत, तर ते आधी कोण होते? हे संगणकाला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, टाइप करणाऱ्या बायकोला तर मुळीच आठवत नव्हतं. जुनी प्रत मी स्वतःच पुसली होती. आणि वही कुणाकडेच नव्हती, कारण वहीला बंदी होती.

बायकोने लॅपटॉप बंद केला. ती चहा करायला गेली आणि एकच कप घेऊन आली. तो तिचा होता.

दुसऱ्या दिवशी मी चष्मेवाल्याला गाठलं. तो डबा खात होता. सगळं ऐकून त्याने विचारलं, "मूळ प्रत?" मी खाली बघितलं. त्याने डब्याचं झाकण लावलं. मला वाटलं आता हसणार, पण तो हसला नाही. म्हणाला, "हे सगळ्यांचं एकदा होतं. मापं आता फक्त सांगणाऱ्यांच्या डोक्यात आहेत. मग त्यांनाच विचारायला पाहिजे."

"म्हणजे सगळं हाताने?"

"नाही हो. पकडायचं काम संगणकालाच करू दे. फंक्शनने गुणाकारच केला पाहिजे असं कुठे लिहिलंय? त्याने नुसतं थांबायचं, पकडलेला तुकडा मागच्यापुढच्या ओळींसकट पडद्यावर दाखवायचा आणि तुम्हाला विचारायचं, याचं काय करू? तुम्ही जे सांगाल तेच ते परत देईल." मग जाता जाता म्हणाला, "आणि या वेळी नाव वेगळं द्या."

मला ते ऐकून बरं वाटलं आणि वाईटही. खिडकीवर बसून आतल्याआत निकाल लावायच्या ऐवजी, बाहेर डोकावून 'बाबा रे, तुझं काय?' असं विचारणारा कारकून आमच्या कार्यालयात मी आजवर पाहिलेला नाही. मी तर नाहीच.

सासूबाईंना सांगायचं काम माझ्यावर आलं. बायको दारातच थांबली. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मी सांगितलं ते गेलं कुठे?"

"पाचाच्या पटीत गेलं."

"का?"

"सोपं पडावं म्हणून."

"कुणाला?"

मी लॅपटॉपची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्यांनी मशीनचं चाक हाताने एकदा फिरवलं. मग म्हणाल्या, "पोरी पुढच्या महिन्यात विचारायला येतील, वर्ग चालू आहे का म्हणून. बसा इथे. काढा ते तुमचं."

कापायच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि आमचा वर्ग सुरू झाला. मी कार्यालयातून सुटलो की थेट तिकडे. प्रोग्रॅम एका मापाशी येऊन थांबायचा, मी आजूबाजूच्या ओळी मोठ्याने वाचायचो आणि सासूबाई माप सांगायच्या. सेंटीमीटर करायला त्यांना गुणाकार लागत नव्हता. टेपवर इंच चिमटीत धरायचा आणि टेप उलटी करायची; मागे जे असेल ते मला वाचून दाखवायचं. हात थरथरायचा, म्हणून टेपचं दुसरं टोक मी ताणून धरायचो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूबाई आणि मी 'या, बसा, चहा घेणार?' याच्या पलीकडे फारसं बोललो नव्हतो. आता टेपची दोन टोकं धरून बसल्यावर बोलणं भागच होतं.

आणि मला हळूहळू कळलं की त्यांना आकडे पाठ नव्हतेच. त्यांना माणसं पाठ होती. फ्रॉकच्या धड्यात प्रोग्रॅम कंबरेपाशी थांबला, तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "ही आठवीत होती तेव्हाचा आहे हा. खाली दुमड जास्त सोडली होती बघा, कारण पोर महिन्यामहिन्याला उंच होत होती." मग डोळे उघडून माप सांगितलं.

स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "आई! माझी कंबर पुस्तकात टाकलीस?"

"तेव्हाची टाकलीये गं. आताची टाकली असती तर पान पुरलं नसतं."

मी हसलो आणि माझ्याकडे दोन्हीकडून डोळे वटारून बघण्यात आलं. असं चाललं होतं. पोलक्याचं माप कधीकाळी शेजारी राहणाऱ्या नर्सबाईंचं होतं, एक खांदा उतरता असलेल्या. झग्याचं माप वर्गातल्या पहिल्या मुलीचं. मला त्या संध्याकाळी आवडायला लागल्या, हे मी बायकोला सांगितलं नाही. तिचा विश्वास बसला नसता. पुस्तक पुन्हा उभं राहत होतं आणि महिनाअखेर अजून थोडी लांब होती. वरचे साहेब मधे एकदा डोकावून गेले. "पाचाची पट काढली का?" त्यांनी दुखावल्या आवाजात विचारलं. मी हो म्हटलं. ते दोन दिवस माझं वर्तमानपत्र वाचायला आले नाहीत.

शेवटचा धडा शर्टाचा होता. प्रोग्रॅम पहिल्याच ओळीला थांबला. मी वाचलं, "छाती, पंचाण्णव सेंटीमीटर."

सासूबाईंनी डोळे मिटले. मी टेपचं टोक धरून बसलो. त्यांनी डोळे उघडले, पुन्हा मिटले.

"सदतीस," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नाही. अडतीस."

मी बोटं कळफलकावर ठेवली होती, ती उचलली. सदतीस इंचाचे पंचाण्णव होतात. अडतीसचेही पंचाण्णवच होतात. मी ते मनातल्या मनात आधीच करून बघितलं होतं.

"ह्यांचा शर्ट," सासूबाई म्हणाल्या. सासरे आमच्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले. "सगळे शर्ट मीच शिवले ह्यांचे. एकही दुकानातून आणला नाही. मागे सांगताना बोलता बोलता तोंडात आलं हो. तेव्हा आठवावं लागलं नाही."

"एखादा शर्ट असेल ना कपाटात? मोजून बघू."

"सगळे देऊन टाकले तेव्हाच. चांगले होते, कुणाच्या तरी अंगाला लागले असतील." त्यांनी दाराकडे बघितलं. बायको हात पुसत तिथे येऊन उभी राहिली होती. "तुला आठवतं का गं? तूच लिहिलंस ना?"

बायकोने मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते. "मी नुसतं टाइप करत होते, आई. लक्ष नव्हतं."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. खिडकीवर मी पुष्कळ कागद परत पाठवले असतील, पुष्कळांचे हेलपाटे झाले असतील. पण कुणाच्या नवऱ्याची छाती माझ्या हातून पुसली गेली नव्हती. आणि तीही कशासाठी? डोळ्यांना बरं दिसावं म्हणून. मी म्हटलं, "चुकलो मी."

सासूबाईंनी टेप गळ्यात टाकली, टेबलाला धरून उठल्या आणि म्हणाल्या, "उभे राहा."

"अं?"

"उभे राहा म्हणते. शर्टाला माणूस लागतो. हात जरा वर करा. श्वास सोडा, असे पोट आत ओढून राहू नका. सदऱ्यात काय आयुष्यभर श्वास रोखून बसणार आहात?"

मी श्वास सोडला. ते व्हायला नको होतं असं पोटाकडे बघून वाटलं. त्यांनी माझ्या छातीभोवती टेप घेतली. हात थरथरत होता, म्हणून दुसऱ्या हाताने मनगट धरलं होतं. इतक्या वर्षांत त्या माझ्या इतक्या जवळ कधी आल्या नव्हत्या. त्यांच्या केसांना खडूचा वास होता.

"छाती अठ्ठ्याण्णव," त्या म्हणाल्या. बायकोने टाइप केलं. टेप खाली सरकली. "पोट एकशे चार."

"आई, परत बघ ना जरा," बायको म्हणाली. मला वाटलं माझी बाजू घेतेय. "एकशे सहा असेल."

"तुमचा शर्ट मी कधी शिवला नाही," सासूबाई खांदा मोजताना मागून म्हणाल्या.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"तुम्ही कधी मागितला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला दुकानातले आवडतात."

"मला वाटलं, तुम्ही फक्त त्यांचे शिवत होता."

सासूबाईंनी बाहीचं माप दोनदा घेतलं.

महिनाअखेरीस आम्ही तिघं मान्यता विभागात गेलो. साहेबांनी पुस्तक चाळलं. पान उलटताना ते बोट ओलं करत होते आणि प्रत्येक वेळी सासूबाईंचा चेहरा आक्रसत होता. झबलं पास झालं. फ्रॉक पास झाला. पोलकं पास झालं. शर्टापाशी साहेबांचं बोट थांबलं.

"ही छपाईची चूक दिसते," ते म्हणाले. "छाती अठ्ठ्याण्णव आणि पोट एकशे चार? पोट छातीपेक्षा जास्त?"

मी फाईल पुढे ओढून पोटावर धरली.

"नमुना म्हणून प्रमाणित माप लागतं," साहेब म्हणाले. "आमच्या तक्त्यात छाती पंचाण्णव, पोट पंच्याऐंशी आहे. ते टाका, मी आत्ता सही करतो."

आता तुम्हीच सांगा, यात अवघड काय होतं? लॅपटॉप माझ्या पिशवीतच होता. वर्ग वाचत होता, सासूबाईंची सगळी खटपट कामी येत होती आणि माझं पोट सरकारी कागदांतून कायमचं निघून जात होतं. मी म्हटलं, "साहेब, पाच मिनिटं द्या, आत्ता बदलून देतो."

"तुम्ही गप्प बसा," सासूबाई म्हणाल्या. खोलीतला पंखासुद्धा ऐकायला थांबल्यासारखा वाटला. मग त्या साहेबांकडे वळल्या. "पंचाण्णव करून बघितलंय साहेब आम्ही. त्यात माझा एक माणूस हरवला. आता हा राहिलाय, हा नाही हरवायचा."

साहेबांना अर्थातच काही कळलं नाही. त्यांनी बायकोकडे बघितलं, ती नाक पुसत होती. माझ्याकडे बघितलं, तर मी फाईलमागे होतो.

"बाई, मान्यता अडेल हं," ते जरा मऊ आवाजात म्हणाले.

"अडू दे. या पोरींकडे उद्या माणसं येतील ती तक्त्यातली येणार आहेत का? ही अशी येतील." 'ही अशी' म्हणताना त्यांनी माझ्याकडे हात केला. अपमान झाला हे मला कळत होतं. पण कुणी माझ्यासाठी एवढं अडून बसल्याचं मला दुसरं उदाहरण आठवेना. मी फाईल खाली घेतली आणि साहेबांना जे बघायचं ते बघू दिलं.

त्यांनी बघितलं. तपासल्यासारखं बघितलं. मग खुर्चीत मागे रेलले, तेव्हा त्यांच्या शर्टाचं मधलं बटण जिवाच्या आकांताने काजाला लटकलेलं आम्हा तिघांनाही दिसलं. सासूबाईंनी त्याकडे धंदेवाईक नजर टाकली, पण सभ्यपणाने काही बोलल्या नाहीत. साहेबांनी टेबलाच्या जवळ सरकून पेन काढलं. समासात लिहिलं, 'नमुना व्यक्ती स्थूल. माप प्रत्यक्ष.' आणि त्याखाली सही केली.

तो शेरा पुस्तकात छापावा लागला, नियमच आहे. त्यामुळे शिवणवर्गातल्या मुली आता शर्टाच्या धड्याला 'स्थूल' म्हणतात आणि गल्लीत मी दिसलो की त्यातल्या काही तोंडावर ओढणी धरतात. मी त्यांच्याशी हसून बोलतो. दुसरं काय करणार?

पण त्या दिवशी विभागातून बाहेर पडल्यावर आम्ही बस थांब्यावर उभे होतो. बायको रांगेत पुढे गेली होती. सासूबाई पुस्तकाची पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. त्या दमल्या होत्या. मी पिशवी मागितली तर दिली नाही.

"कापड आणा एखादं," त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "पोरी शिवतील, मी बघेन. फिक्या रंगाचं आणा. ह्यांना गडद आवडायचा, तुम्ही फिका घाला."

"आणतो," मी म्हटलं. मग थोड्या वेळाने म्हटलं, "आई, पोटावर घट्ट नको हं."

मी त्यांना आई म्हटल्याचं त्यांच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. त्यांनी आपली थरथरती दोन बोटं माझ्या सदऱ्याच्या बटणापाशी नेली, कापडात घालून बघितली आणि म्हणाल्या, "एवढं सोडते."

ते किती सेंटीमीटर होतं, हे मी विचारलं नाही.